अकरा ग्रिप आणि सात नंबर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

निर्णय झाला. दोष माझ्यात नाही, ग्रिपमध्ये आहे.

काल पुन्हा साडूंकडून हरलो. चार वर्षांत कितव्यांदा, ते लिहीत नाही. ही रोजनिशी आहे, पंचनामा नव्हे. माझा बॉल उजवीकडे जातो. सरळ मारला तरी उजवीकडे, डावीकडे मारला तरी उजवीकडे. घरी येऊन गोल्फच्या स्टिक उलट्या धरून नीट पाहिल्या. मुठीत येणारं रबर दगडासारखं कडक झालंय, भेगा पडल्यात, अंगठ्याच्या जागी चकचकीत खळगा. असल्या ग्रिपवर बॉल सरळ जाईल कसा? जातो तेवढे उपकार.

साडूंना फोन करून हे कारण सांगितलं. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. हिच्या मोठ्या बहिणीचा नवरा, बँकेत मॅनेजर होते, रिटायर झाले तरी जगाकडे काउंटरच्या आतूनच बघतात. माझं म्हणणं एवढंच की अंगण खरोखर वाकडं असू शकतं. कुणी पट्टी लावून पाहिलंय का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारा स्टिकची बॅग घेऊन क्लबच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने एक स्टिक उचलली, तोलली, दांड्यावरून नजर फिरवली, मग माझ्यावरून फिरवली आणि विचारलं, मॅडमचा सेट का?

बॅग खांद्याला लावली आणि घरी आलो. अशा माणसाच्या हातात आपली वस्तू द्यायची नाही.

हा सेट सासऱ्यांकडून लग्नात आला. तेव्हापासून माळ्यावर होता. रिटायर झाल्यावर मीच तो खाली काढला, म्हणजे त्याला जीवदान दिलं. दांडे जरा आखूड आहेत, मान्य. ग्रिपही बारीक. सासरे तरुणपणी ठेंगणे असतील. हॉलमधल्या फोटोत त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलंय, पण फोटोत माणूस उंचच दिसतो. मला फार वाकावं लागतं आणि कंबर धरते. ती माझी स्टाइल आहे.

संकल्प: ग्रिप घरीच बदलायच्या. ऑनलाइन बाराचं पाकीट मागवलं. पटरला, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायच्या स्टिकला, म्हणे वेगळी, चपट्या पाठीची ग्रिप लागते. भेदभाव मला मान्य नाही. सगळ्यांना एकच.

८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी

साडूंकडे जेवायला. विषय त्यांनीच काढला. म्हणाले, तो सेट खरं तर मोठ्या जावयाला मिळायचा, निदान नीट वापरला तरी गेला असता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, लागली पैज. बावीस तारखेला नऊ होल. हरलो तर सेट तुमचा, आणि मी पुन्हा मैदानावर पाऊल टाकणार नाही.

मेव्हणीने हिच्याकडे बघितलं. हिने ताटाकडे.

अटी मीच कागदावर लिहिल्या, दोघांच्या सह्या. कलम चार माझं खास: बरोबरी झाल्यास सेट मालकाकडेच राहील. याला कायद्याचं डोकं लागतं.

गाडीत ही एवढंच म्हणाली की, सेट कुणाचा ते आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. म्हटलं, विचारायचं काय त्यात, जगजाहीर आहे. मग घर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. घाबरली असावी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ग्रिप आल्या. काळ्याभोर, टोकाला लाल रेघ. हातात घेतल्याबरोबर बॉल सरळ गेल्यासारखं वाटलं.

व्हिडिओ दोनदा पाहिला. जुनी ग्रिप कापायची, आतली टेप खरवडायची, दुतर्फी चिकट टेप गुंडाळायची, त्यावर थिनर ओतायचा आणि नवी ग्रिप सर्रकन चढवायची. थिनर उडून जातो, टेप चिकटते, संपलं. त्यातला माणूस एक ग्रिप दोन मिनिटांत करतो. म्हणजे बारा ग्रिपांना चोवीस मिनिटं. मी अर्धा तास धरतो, कारण मला नीट करायची सवय आहे.

ही म्हणाली, करा, पण आतली टेप काढाल तेव्हा मला हाक मारा. म्हटलं, मारीन. बायकांना प्रत्येक गोष्टीत असायचं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४

कापाकापी सुरू. रबर लाकडासारखं, दोन पाती मोडली, एक बोट कापलं. बोट डाव्या हाताचं आहे, मॅचवर परिणाम नाही.

टेप सुटेना, म्हणून हिचा हेअर ड्रायर घेतला. ही आत झोपली होती. हाक मारणार होतो, पण बिचारीची झोप कशाला मोडा.

चिकट टेपखाली प्रत्येक दांड्यावर एक कागदी पट्टी निघाली. तिच्यावर पेन्सिलीने तारीख. एक्स्पायरी असणार. गंमत अशी की सगळीकडे दिवस तोच, २२ फेब्रुवारी. साल तेवढं वेगळं. जुन्या कंपन्यांची शिस्त बघा, वर्षातून एकच दिवस माल काढायच्या! कंपनीला पत्र लिहायला उपयोगी पडेल म्हणून यादी करून ठेवतो: पटर १९८०, नऊ नंबर १९८१, पाच नंबर १९८२, वेज १९८३, आठ नंबर १९८४, पाच नंबर वूड १९८५, सहा नंबर १९८६, सँड वेज १९८७, चार नंबर १९८८, तीन नंबर वूड १९८९, ड्रायव्हर १९९०. एकूण अकरा. बारावी पट्टी सात नंबरखाली असेल. तो अजून कापलेला नाही.

मॅचही नेमकी बावीसलाच! शुभशकुन याला म्हणतात.

तारखेखाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. चष्मा वरच्या खोलीत राहिला होता आणि त्यासाठी जिना कोण चढणार. वापरायच्या सूचना असतील. सूचना वाचून कुणी मोठं झालेलं नाही.

अकराही पट्ट्या आणि टेप सोलून एकत्र गोळा केला. फेकणार होतो, पण टाकाऊतून टिकाऊ हा माझा स्वभाव. गोळा लिहायच्या टेबलाच्या आखूड पायाखाली दाबून बसवला. सहा वर्षांचं डुगडुगणं बंद. एका दगडात दोन पक्षी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

थिनरचा प्रयोग. ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं. ते बोटाने बंद करून आत थिनर ओतायचा असतो. व्हिडिओतला माणूस हे फार घाईत सांगतो. त्यामुळे पहिला थिनर ग्रिपमधून थेट माझ्या पँटवर, तिथून चपलेत. चप्पल वितळली.

दुसऱ्या खेपेला ग्रिप निम्मी चढली आणि अडकली. ओढली, ढकलली, दांडा दारात अडकवून खेचला. दाराचं हँडल निघालं. ग्रिप जागची हलली नाही. शेवटी नवी कोरी ग्रिप कापून काढली. बाराच्या अकरा राहिल्या.

हिने सगळ्या खिडक्या उघडल्या. नाकाला पदर लावून विचारलं, टेप कधी काढणार आहात? म्हटलं, काढली, कालच. हे सांगायला मला संकोच वाटायचं कारण नव्हतं. ती दारातून आत आली. मग बॅगेतला सात नंबर काढून घेतला आणि म्हणाली, "याला हात लावायचा नाही." आणि तो घेऊन गेली.

एका परीने बरंच झालं. ग्रिप अकरा, स्टिक अकरा. हिशोब आपोआप जुळला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर विचार करून मूळ चूक सापडली. थिनर उडून जातो, हाच त्याचा दोष आहे. उडून न जाणारं काहीतरी हवं.

हिच्या शिलाई मशीनचं तेल.

काय सांगू! बोटभर तेल, आणि ग्रिप लोण्यातून सुरी जावी तशी. अकरा ग्रिप एकोणीस मिनिटांत. पटरसकट. व्हिडिओवाल्याचा रेकॉर्ड मोडला. हे जगाला कळायला हवं, पण जग मत्सरी आहे.

हार्डवेअरवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं. त्याने विचारलं की तेलावर ती चिकटणार कशी? उंटावरचे शहाणे सगळीकडे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ग्रिप किंचित फिरतात. म्हणजे मूठ एका दिशेला, स्टिकचं डोकं दुसऱ्या. सेट व्हायला वेळ लागतो. खिडकीत ठेवल्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फिरतात. टाल्कम पावडर भरली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पावडर आणि तेल मिळून लापशी झाली. ती ग्रिपच्या टोकातून थोडी थोडी बाहेर येते. आतली घाण निघून जातेय, हे चांगलं लक्षण.

मैदानावर सराव. पहिलाच बॉल डावीकडे गेला. डावीकडे! चार वर्षांत पहिल्यांदा! आता दोन्हींच्या मधलं काढलं की झालं.

ही आजकाल कमी बोलते. सात नंबर तिच्या कपाटाशेजारी उभा आहे. सकाळी मागच्या अंगणात तो हातात धरून उभी दिसली. वाळत घातलेल्या चादरी झोडपत असावी.

२१ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६

सगळी तयारी झाली. प्रत्येक ग्रिपला वरून दोन-दोन रबर बँड. पांढरा टी-शर्ट इस्त्रीचा.

हिने विचारलं, उद्या काय आहे, लक्षात आहे ना? म्हटलं, विसरेन कसा, मॅच. ती म्हणाली, हो, मॅच. मग म्हणाली, स्कोअर लिहायला मी येते. आजवर एकदाही आली नव्हती. दोन-तीनदा विचारलं होतं तिने, पण ऊन लागेल म्हणून मीच नाही म्हटलं होतं. उद्या येऊ दे. विजय बघायला घरचं माणूस असावं.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. उद्या कुणी वेगळं सांगायला नको.

पहिले चार होल बरे गेले, म्हणजे साडूंना बरे गेले. ते तीन होलनी पुढे. साडूही काही मोठे खेळाडू नाहीत, झुडपात बॉल शोधण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय. पण त्यांची स्टिक हातात फिरत नाही, हा त्यांना मिळालेला अन्यायकारक फायदा.

पाचवा होल. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक. सगळी ताकद लावली. काय जोर होता! ड्रायव्हर हवेत फिरत फिरत साडूंच्या पुढ्यात जाऊन पडला, बॉलपेक्षा तीस पावलं लांब. ग्रिप माझ्या हातात. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ग्रिपचं काम हातात राहणं. ते तिने चोख केलं. सुटली ती स्टिक.

साडू खाली बसून हसत होते. मी दुसरी स्टिक काढली, तिचीही ग्रिप निघाली. तिसरीची पिळवटली. पटरची पावडर सगळ्या टी-शर्टवर. तो होल कसाबसा बरोबरीत सुटला, कारण साडूंना हसू आवरेना आणि त्यांचे तीन फटके वाया गेले. चार होल बाकी, ते तीननी पुढे. साडू म्हणाले, आता कशाला ओढाताण, द्या बॅग इकडे.

तेव्हा हिने स्कोअरकार्ड माझ्या हातात दिलं. गाडीतून सात नंबर घेऊन आली. मला वाटलं, माझ्यासाठी. हात पुढे केला. ती माझ्या शेजारून पुढे गेली.

"पैज सेटवर आहे ना? मग सेट ज्याचा, तो खेळेल. मी खेळते."

साडू बाजूला सरले. एवढंच म्हणाले, मी केव्हाची वाट बघत होतो. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

छत्तीस वर्षांत हातात स्टिक न धरलेली बाई. धरून उभी राहिली आणि दांडा बरोबर तिच्या मापाचा. वाकणं नाही, कंबर धरणं नाही. मूठ इतकी सैल की मी ओरडणार होतो, सुटेल म्हणून. सुटली नाही. बॉल लांब नाही गेला, पण सरळ गेला. मग पुन्हा सरळ. लांबून मारायला सात नंबर, जवळून सात नंबर, होलमध्ये ढकलायलाही सात नंबर. साडू घाबरले आणि झुडपांकडे वळले. तीन होल हिचे, एक सारखा. बरोबरी.

कलम चार. मीच लिहिलेलं. साडूंनी कागद काढून मोठ्याने वाचला: सेट मालकाकडेच राहील. मग त्यांनी बॅग उचलून हिच्या पायाशी ठेवली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

मी लगेच म्हटलं, मीही तेच म्हणणार होतो. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

निकाल मात्र माझ्यामुळे लागला. कलम चार नसतं तर?

२२ फेब्रुवारी. ही तारीख मी कुठेतरी लिहिलेली पाहिली आहे. उद्या बघू.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी हिने सात नंबरची ग्रिप कापली. शांतपणे, सुरी एकदाच फिरवून. वाफेवर धरून टेप सोडवली. कागदी पट्टी अख्खी निघाली. चष्मा लावून वाचली आणि माझ्यापुढे धरली.

"२२ फेब्रुवारी १९७९. धाकटीला. मूठ सैल ठेव, आपोआप जाईल. बाबा."

मग तिने सांगितलं. तेराव्या वाढदिवसापासून दर वर्षी एक स्टिक. सासरे स्वतः दांडा कापून तिच्या मापाचा करायचे, पट्टीवर पेन्सिलीने एक ओळ लिहायचे आणि वर ग्रिप चढवायचे. काय लिहिलंय ते दाखवायचे नाहीत. म्हणायचे, खेळून खेळून ग्रिप झिजली की वाच. बारावी स्टिक झाली आणि लग्न ठरलं. मग खेळणं राहिलं, ग्रिप झिजायची राहिली. मी चार वर्षं खेळून झिजवल्या, म्हणून तिला बरंच वाटत होतं.

"हाक मारायला सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

  शरम वाटली, हे इथे लिहून ठेवतो, कारण हे दुसरं कुणी वाचणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

(स्कोअरकार्डाच्या मागे लिहितोय. रोजनिशी आत आहे.)

ही नव्या पट्ट्या कापत बसली होती. ओळी गेल्या, निदान तारखा तरी परत लिहू म्हणाली, पण कुठल्या स्टिकचं कुठलं साल, ते आठवेना. मी छाती पुढे काढून म्हटलं, यादी आहे! माझ्या रोजनिशीत! अकराच्या अकरा! शिस्त म्हणजे काय, ते यावरून कळतं.

तिने हात पुढे केला. मी वही देऊन बसलो. दिल्यावर आठवलं की वहीत इतरही मजकूर आहे.

ती आत गेली. थोड्या वेळाने हसू ऐकू आलं. दुरुस्तीवाल्याचं पान असावं. मग आणखी मोठ्याने. चप्पल. एवढं हसण्यासारखं त्यात काही नाही, ती चांगली चप्पल होती. मध्येच तिने आतून ताईला फोन लावला आणि एक पान वाचून दाखवलं. कोणतं, ते मी विचारणार नाही.

मग हसणं थांबलं. बारा तारखेपर्यंत पोचली, हे मला भिंतीपलीकडून कळलं.

बाहेर आली. माझ्याकडे न बघता टेबलाशी खाली बसली, पायाखालचा गोळा ओढून काढला, वरची धूळ झटकली आणि माझ्यापुढे ठेवला. शेजारी हेअर ड्रायर. वर जाऊन माझा चष्मा घेऊन आली. म्हणाली, "आता लावा."

दोन तास झाले. गोळा मीच जपून ठेवला होता, हे कुणी लक्षात घेत नाही. बारा दिवस टेबलाखाली, पण पेन्सिल पुसलेली नाही. आत्तापर्यंत एक पट्टी सुटली, आठ नंबरची. १९८४. "धाकटी, चुकलं की लगेच स्टिककडे बघायचं नाही."

ती मी दोनदा वाचली. हिला हाक मारली. आली, वाचली, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

दहा राहिल्या. अक्षर वाईट येतंय, टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय.